जेवलो, जेवत होतो, जेवत असे

अमेरिकेत किंवा पुण्यात शिकणारे आपले नातवंड एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आले आणि म्हणाले, ‘आजोबा, उद्या स्पॅनिशची परीक्षा आहे आणि भूतकाळ काही केल्या डोक्यात शिरत नाही’, तर आष्टीच्या घरात बसलेल्या आजोबांनी काय करावे? बहुतेक जण ‘नीट अभ्यास कर बाळा’ एवढे म्हणून विषय बदलतील. माझे म्हणणे असे की, या एका बाबतीत तरी आजोबांनी विषय बदलू नये. स्पॅनिश भाषेच्या अभ्यासात परदेशी विद्यार्थ्यांना सर्वाधिक छळणारी जी गोष्ट आहे, ती मराठी बोलणाऱ्या वृद्ध माणसाला जन्मापासून अवगत आहे. आणि ती गोष्ट स्मरणशक्तीशीही निगडित असल्यामुळे, घरात वयोवृद्ध माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांनीही ती समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम भाषेचे पाहू. स्पॅनिशमध्ये झालेली गोष्ट सांगताना बोलणाऱ्याला दर वाक्यात एक निवड करावी लागते. घटना एकदा घडून संपली असेल तर एक काळ, त्याला ‘प्रेतेरितो’ म्हणतात. तीच गोष्ट पूर्वी नेहमी होत असे, किंवा त्या वेळी चालू होती, किंवा तशी स्थिती होती, असे सांगायचे असेल तर दुसरा काळ, त्याला ‘इम्पेरफेक्तो’ म्हणतात. ‘मी जेवलो’ म्हणजे ‘कोमी’ आणि ‘मी जेवत असे’ किंवा ‘मी जेवत होतो’ म्हणजे ‘कोमीआ’. ‘मी बोललो’ म्हणजे ‘आब्ले’, ‘मी बोलत असे’ म्हणजे ‘आब्लाबा’. ज्या मुलाचे शिक्षण इंग्रजीतून झाले आहे, त्याची येथेच अडचण होते, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्ही ठिकाणी निमूटपणे चालून जातो. ‘मी आष्टीला राहिलो’ आणि ‘मी आष्टीला राहत असे’ या दोन वाक्यांसाठी इंग्रजीत एकच क्रियापद पुरते. फरक ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा.

मराठीत तसे नाही. आपल्या व्याकरणात ‘रीतिभूतकाळ’ नावाचा स्वतंत्र काळ आहे, हे शाळेत शिकल्याचे आपल्याला आठवत असेल. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. या मंडळींनी ज्या काळांची बारकाईने छाननी केली, ते काळ मात्र दळण दळणाऱ्या निरक्षर आजीच्या तोंडी त्याआधीच शतकानुशतके अचूक होते. कहाणीतील राजा रोज शिकारीला ‘जाई’. शिष्टसंमत लेखनात आपण ‘जात असे’ म्हणतो. आणि आष्टी-कड्याच्या बाजारात भेटलेला बालमित्र म्हणतो, ‘आपण नदीवर पोहायला जायचो, आठवतं का?’ जाई, जात असे, जायचो, या तिन्ही रूपांना स्पॅनिशमध्ये एकच शब्द पुरतो: ‘ईबा’. ‘जात होतो’ यासाठीही बहुधा तोच. थोडक्यात, आपल्याकडे चार पेट्यांत ठेवलेला माल त्यांनी एका पेटीत ठेवला आहे. चारांचे एक करणे सोपे असते. इंग्रजीतून येणाऱ्याला एकाचे दोन करावे लागतात, आणि ते कठीण जाते.

आणखी एक योगायोग मला फार मनोरंजक वाटतो. ‘मी जात असे’ आणि ‘तो जात असे’ यांत क्रियापद बदलत नाही. स्पॅनिशमध्येही ‘मी’ आणि ‘तो’ दोघांसाठी ‘ईबा’च. बदल होतो तो घडून गेलेल्या घटनेत: मी गेलो म्हणजे ‘फुई’, तो गेला म्हणजे ‘फुए’.

आष्टीकरांना जवळचे असे एक उदाहरण घेऊ. नगर ते आष्टी ही रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी नगरला जायचे तर लोक एस.टी.ने जात असत, फाट्यावर ताटकळत असत, पावसाळ्यात भिजत असत. येथे ‘जात असत’, ‘ताटकळत असत’, ‘भिजत असत’ हे सगळे इम्पेरफेक्तो. ‘सुरू झाली’ हा प्रेतेरितो. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत गेली, हाही प्रेतेरितो. नातवाला स्पॅनिशमध्ये एवढेच म्हणू द्या: ‘आन्तेस नो आबीआ त्रेन’, म्हणजे पूर्वी आगगाडी नव्हती, आणि मग ‘येगो एल त्रेन’, गाडी आली. शेवटच्या वाक्यात ‘येगो’मधील ‘गो’वर जोर द्यावयाचा. जोर पहिल्या अक्षरावर गेला तर अर्थ होतो ‘मी पोहोचतो’. स्पॅनिशमध्ये असा आघात फार महत्त्वाचा आहे आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांची फसगत येथेच होते. श्रवणयंत्र असेल तर ते अभ्यासाच्या वेळी अवश्य लावावे. पुष्कळ ज्येष्ठ ते फक्त लग्नकार्याला बाहेर काढतात.

पाठांतराचे ओझेही फार नाही. इम्पेरफेक्तोमध्ये अनियमित क्रियापदे संपूर्ण भाषेत केवळ तीन: असणे, जाणे आणि पाहणे. त्यांची रूपे ‘एरा’, ‘ईबा’, ‘बेईआ’. बाकी सारी क्रियापदे दोन साच्यांत बसतात. काहींच्या शेवटी ‘आबा’ येते, उरलेल्यांच्या शेवटी ‘ईआ’. प्रेतेरितोमध्ये मात्र अनियमितांची संख्या बरीच आहे आणि तेथे घोकंपट्टीला पर्याय नाही. त्यातही एक गंमत अशी की ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन्हींची तेथील रूपे एकच आहेत. ‘फुए’ म्हणजे ‘तो होता’ की ‘तो गेला’, हे वाक्यावरून ठरवायचे. लिंगाची कटकट मात्र नाही. मराठीत आजोबा ‘गेलो’ म्हणतात आणि आजी ‘गेले’. आंबा ‘खाल्ला’ जातो आणि भाकरी ‘खाल्ली’ जाते. स्पॅनिशमध्ये आजोबा असोत की आजी, ‘फुई’; आंबा असो की भाकरी, ‘कोमी’.

आता आपल्याला मराठीमुळे जेथे ठेच लागते ती जागा सांगितली पाहिजे, नाही तर नातवाचे गुण जायचे. ‘काल मी नगरला गेलो होतो’, असे आपण सहज म्हणतो. रचना पूर्ण भूतकाळाची असली तरी आपल्या मनात अर्थ साध्या भूतकाळाचाच असतो: गेलो, काम केले, परत आलो. स्पॅनिशमध्येही ‘गेलो होतो’सारखी रचना आहे; पण ती दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी झालेल्या गोष्टीसाठी राखलेली आहे. तुम्ही दार वाजवलेत त्याआधी मी गेलो होतो, अशा अर्थाने. कालच्या नगरच्या फेरीसाठी ‘आयेर फुई’ पुरे. दुसरी जागा ‘झोपलो होतो’ची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, ‘तेव्हा आम्ही झोपलो होतो’, असे आपण म्हणतो. येथे अर्थ ‘झोपेत होतो’ असा आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये इम्पेरफेक्तो. आणि जमीन ‘हादरली’ हा प्रेतेरितो. चालू असलेल्या स्थितीला छेद देणारी घटना, ही जोडी त्या भाषेत पावलोपावली भेटते.

एक गैरसमज मात्र शिकणाऱ्यांच्या मनात हटकून असतो: जे दीर्घकाळ चालले ते इम्पेरफेक्तो आणि जे क्षणात झाले ते प्रेतेरितो. हे चुकीचे आहे. ‘मी त्या गावी दहा वर्षे राहिलो’ यात दहा वर्षांचा काळ असूनही स्पॅनिश माणूस प्रेतेरितो वापरतो, कारण वर्षे मोजून झाली, हिशेब पुरा झाला. येथेही मराठी कान बरोबर सांगतो. आपणही ‘दहा वर्षे राहिलो’ असेच म्हणतो. त्याचप्रमाणे ‘ठाऊक होते’ आणि ‘कळले’ हे आपण दोन निराळ्या शब्दांनी सांगतो. स्पॅनिशमध्ये शब्द एकच, काळ बदलला की अर्थ बदलतो: ‘साबीआ’ म्हणजे मला ठाऊक होते, ‘सुपे’ म्हणजे मला कळले. ज्याने आयुष्यात एखादी दुःखद वार्ता ऐकली आहे, त्याला या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

या वयात नवी भाषा शिकल्याने मेंदूला लाभ होतो का, हा प्रश्न येथे साहजिकच येईल. त्याचे उत्तर जाहिरातींत मिळते तितके गोड नाही, पण आपल्यासाठी एका वेगळ्या अर्थाने ते गोड आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. महत्त्वाचे म्हणजे निरक्षर व्यक्तींतही हा फरक आढळला, म्हणजे केवळ शिक्षणाचा हा परिणाम म्हणता येत नाही. मात्र दोनांपेक्षा अधिक भाषा येत असल्याचा जादा लाभ त्या अभ्यासात दिसला नाही.

आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळेत आणि कचेरीत उर्दूचा वरचष्मा, घरात मराठी, बाजारात दखनी हिंदी, अशा वातावरणात त्या पिढीचे बालपण गेले. पुढच्या पिढ्यांनाही हिंदी परकी नाही. म्हणजे दोन भाषांचा जो काही लाभ व्हायचा, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या पदरी कित्येक वर्षांपूर्वीच पडलेला आहे. उतारवयात स्पॅनिशचे धडे गिरवल्याने स्मृतिभ्रंश टळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करू नयेत. तो अभ्यासही निरीक्षणाचा आहे. त्यावरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही. स्पॅनिश शिकावी ती नातवाशी बोलण्यासाठी. मला ते कारण पुरेसे वाटते.

आता शुश्रूषा करणाऱ्यांकडे वळतो. वय वाढते तसे आपले स्मरण सर्व बाजूंनी सारखे झिजत नाही. टोरांटो येथील ब्रायन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण आणि वृद्ध व्यक्तींना स्वतःच्या आयुष्यातील घटना सांगावयास सांगितल्या. वृद्धांच्या सांगण्यात त्या विशिष्ट क्षणाचे तपशील तुलनेने कमी होते. सर्वसाधारण माहिती, रीतभात, ‘आमच्याकडे असे असे’ अशा स्वरूपाचा मजकूर अधिक होता. ही निरोगी माणसांची गोष्ट झाली. स्मृतिभ्रंशात तर कालची, आजची एकेकटी घटना सर्वांत आधी निसटते. आणि पुन्हापुन्हा केलेली, वर्षानुवर्षे घडलेली गोष्ट पुष्कळ काळ टिकून राहते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, साधा भूतकाळ आधी दुबळा होतो आणि रीतिभूतकाळ मागाहून.

असे असता आपण घरात वृद्धांना कोणते प्रश्न विचारतो? ‘सकाळी काय खाल्लंत?’ ‘काल कोण आलं होतं?’ ‘गोळी घेतली का?’ ‘मी आत्ताच काय सांगितलं?’ सारे प्रश्न साध्या भूतकाळातले. उत्तर येत नाही, म्हणून आवाज चढतो. समोरचा माणूस ओशाळतो, काहीतरी बनवून सांगतो किंवा चिडतो. मग आपण म्हणतो, हल्ली बाबा खोटे बोलू लागले आहेत. त्यांना हरणार हे ठाऊक असलेल्या परीक्षेला दिवसातून दहादा बसवणे, यापलीकडे या प्रश्नांतून काही साधत नाही.

प्रश्नाचा काळ बदलून पाहावा. ‘सुगीच्या दिवसांत भाकरी कोण बांधून देत असे?’ ‘बैलांना काय नावं ठेवायचात?’ ‘पोळ्याला शिंगं कशानं रंगवायचात?’ ‘आजी पहाटे किती वाजता उठायची?’ येथे तारीख लागत नाही, विशिष्ट दिवस लागत नाही, चुकण्याची भीती उरत नाही. पुष्कळदा असे होते की ‘करायचो, करायचो’ असे सांगता सांगता एखादा एकच दिवस लख्ख उभा राहतो आणि माणूस आपसूक साध्या भूतकाळात शिरतो: ‘एकदा काय झालं...’. तो स्वतःहून तेथे आला, ही गोष्ट निराळी. आपण ओढून आणू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्यांपैकी कोणी घरात असेल, तर ‘कामावर काय करत असत’ हे आधी विचारावे. दुष्काळाने त्या घरचे काय हिरावले, ते त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील. दुःखाच्या आठवणीपाशी थांबावे, हात धरावा, घाई करू नये.

वृद्ध माणूस जुन्या गोष्टी घोळवत बसतो, हे पूर्वी वैद्यकशास्त्रातही बुद्धी क्षीण झाल्याचे चिन्ह मानले जात असे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की, हे उतारवयातील स्वाभाविक आणि उपयुक्त असे जीवनाचे अवलोकन आहे. तेव्हा तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकावी लागली, तर ऐकावी. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास तरुण मंडळी ऊसतोडीला निघून जातात आणि आजी-आजोबांपाशी शाळकरी नातवंडेच उरतात. हे ऐकण्याचे काम बहुधा त्या मुलांच्याच वाट्याला येते. त्यांना हा प्रश्नाचा काळ बदलण्याचा उपाय जरूर सांगून ठेवावा. मुले तो मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

गोळी घेतली की नाही, हे मात्र स्मरणावर सोपवायचे नसते. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणावी. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर गोळी त्या कप्प्यातून निघाली आहे, एवढे विचारल्याशिवाय कळते. पोटात गेली का, हे पाहण्यासाठी समोर बसून गोळी द्यावी. आणि कोणी ऐंशी वर्षांचे आजोबा ‘मला शाळेत जायचं आहे’ म्हणाले, तर ‘आता कुठली शाळा’ असा वाद घालू नये. ‘शाळेत कोणत्या वाटेने जायचात?’ असे विचारावे. काळ गोंधळला आहे खरा, पण त्या गोंधळात राग मिसळण्याचे कारण नाही.

दोन प्रसंगी मात्र थांबू नये. बोलणे एकाएकी अडखळू लागले, शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील बळ गेले, तर तो पक्षाघात असू शकतो. मिनिटाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे. तसेच कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत दिवस-रात्र विसरू लागला, भलतेच बोलू लागला, तर ते म्हातारपण समजून घरी ठेवू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम, अशी बरी होणारी कारणे त्यामागे असतात. सावकाश वाढणाऱ्या विसराळूपणातही बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, श्रवणशक्ती आणि मनाची उदासी यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी, विशेषतः आयुष्यभर शाकाहारी असलेल्यांनी बी-१२ ची.

आणि आता ज्यांना खरोखरच त्या नातवाच्या परीक्षेत हातभार लावायचा आहे, त्यांच्यासाठी. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा ते अधिक लागू पडते. आपण मराठीत आपल्या लहानपणाची पाच वाक्ये सांगावीत. नातवाने प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली खूण करावी: ‘असे’ किंवा ‘जायचो’ आले की एक खूण, ‘झाले’, ‘गेलो’ आले की दुसरी. ‘गेलो होतो’ आले तर दोघांनी मिळून विचार करावा. मग त्याने स्पॅनिश करावे आणि आपण त्याच्यामागून मोठ्याने म्हणावे. प्रश्नही त्यानेच विचारावा: ‘आबुएलो, के आसीआस?’ म्हणजे ‘आजोबा, तुम्ही काय करायचात?’ उत्तरासाठी सुरुवातीला एक वाक्य पाठ असले तरी चालेल. ‘क्वांदो एरा निन्यो, बिबीआ एन आष्टी.’ मी लहान होतो तेव्हा आष्टीला राहत असे. आजींनी ‘निन्यो’ऐवजी ‘निन्या’ म्हणावे. लिंगभेदापुरता एवढा एक बदल पुरतो.